ट्रॅक्टरवर नवी घड्याळे बसवताना : वायरिंगमधील दोष कसे शोधावेत?



ट्रॅक्टर आठ-दहा वर्षांचा झाला की इंजिन अजून दमदार असते, पण चालकासमोरच्या पाटीवरील घड्याळे एकेक करून बंद पडू लागतात. पाण्याचे तापमान दाखविणारा काटा थंडवरच पडून राहतो, ऑईलचा काटा नुसता थरथरतो आणि डिझेल किती आहे हे टाकीत काडी घालून पाहावे लागते. मग तालुक्याच्या ठिकाणाहून बाजारी घड्याळांचा संच आणला जातो. गावातील वायरमन किंवा घरातील मुलगा तासाभरात तो जोडून देतो आणि काटे हलू लागतात. खरी अडचण येथूनच सुरू होते. काटा हलतो म्हणजे तो खरे दाखवितो असे नाही. मुळीच न चालणाऱ्या घड्याळापेक्षा खोटे दाखविणारे घड्याळ अधिक घातक होय. घड्याळ बंद असेल तर चालक कानाने व नाकाने इंजिनवर लक्ष ठेवतो, पण चालू घड्याळावर तो विश्वासून राहतो.

हा विषय यंत्रशाळेचा आहे, शस्यविद्येच्या माणसाने त्यात का पडावे, असे आपणास वाटेल. त्याचे कारण वाफसा. भारी काळ्या जमिनीत पेरणीयोग्य वाफसा काही थोडे दिवसच टिकतो. त्या दिवसांत रोटाव्हेटर चालविताना रेडिएटरची जाळी काडी-कचऱ्याने भरली, पाणी उकळले आणि काट्याने ते दाखविले नाही, तर हेड गॅस्केट जाते किंवा पिस्टन धरतो. दुरुस्तीचा खर्च तर होतोच, शिवाय पेरणी पुढच्या पावसावर जाते. उशिरा झालेल्या पेरणीची भरपाई कोणत्याही खताच्या मात्रेने होत नाही.

प्रथम वीज कशी वाहते ते पाहू

आपल्याकडील बहुतेक ट्रॅक्टरांची बॅटरी १२ व्होल्टची असते आणि तिचे ऋण टोक जाड पट्टीने ट्रॅक्टरच्या अंगाला जोडलेले असते. त्यामुळे प्रत्येक उपकरणाला एकच वायर नेलेली दिसते. परतीचा प्रवाह इंजिन, गिअरबॉक्स व पत्र्यातून बॅटरीकडे जातो. यालाच आपण अर्थिंग म्हणतो. पाइपलाइनचा पंप आणि पाइप दिसतात म्हणून आपण त्यांचीच काळजी घेतो, तसे येथेही होते. जाणारी वायर नवी घातली जाते, पण परतीची वाट रंग, गंज आणि ग्रीसने बुजलेली असते. नव्या घड्याळांच्या तक्रारींचे मूळ बहुतेक वेळा या परतीच्या वाटेतच सापडते. (जुन्या विलायती ट्रॅक्टरांपैकी काहींत बॅटरीचे धन टोक अंगाला जोडलेले असे. असा ट्रॅक्टर आपल्याकडे असेल तर पुढील सूचना जशाच्या तशा लावू नयेत.)

विजेवर चालणाऱ्या घड्याळाच्या मागे साधारणपणे तीन टोके असतात. एकाला किल्लीतून येणारा पुरवठा, दुसऱ्याला अर्थिंग आणि तिसऱ्याला इंजिनवरील सेंडरची वायर. सेंडर म्हणजे पाण्यात, ऑईलमध्ये किंवा टाकीत बसविलेला तो छोटा भाग, ज्याचा विद्युतरोध तापमान, दाब किंवा डिझेलची पातळी बदलली की बदलतो. काटा हलतो तो या रोधानुसार. घड्याळ स्वतः काहीच मोजत नाही, सेंडर सांगेल ते फक्त दाखविते. ही गोष्ट ध्यानात आली की दोष शोधणे पुष्कळ सोपे होते.

खरेदी करतानाच होणाऱ्या चुका

घड्याळ आणि सेंडर एकाच संचातील घ्यावेत. एका बनावटीचा डिझेलचा सेंडर टाकी रिकामी असताना १० ओहम आणि भरलेली असताना १८० ओहम रोध दाखवितो, तर दुसऱ्या बनावटीत रिकाम्या टाकीला २४० आणि भरलेल्या टाकीला ३३ ओहम असे उलटे प्रमाण असते. पहिल्याचे घड्याळ दुसऱ्याच्या सेंडरला जोडले तर काटा हलेल, पण उलटा. तापमानाच्या बाबतीत फसगत अधिक होते, कारण तेथे काटा सुलट हलतो आणि फक्त आकडा चुकतो. ११० अंशांवर गेलेले पाणी घड्याळावर ८५ दिसले तर पाहणाऱ्याला संशय यायचे कारणच नाही.

जुन्या बाजारातून ट्रकची घड्याळे आणणारे बांधवही आहेत. पुष्कळ ट्रक २४ व्होल्टवर चालतात. त्यांचे घड्याळ १२ व्होल्टवर लावल्यास ते चुकीचे दाखविते. घेण्यापूर्वी मागील शिक्का वाचावा. शिक्का पुसला असेल तर वस्तू तेथेच ठेवून यावे.

आणखी एक गोष्ट. ऑईलचा दिवा पेटविणारा स्विच आणि ऑईलच्या घड्याळाचा सेंडर हे दिसायला सारखेच असतात. स्विच फक्त चालू किंवा बंद एवढेच जाणतो. घड्याळाची वायर चुकून या स्विचला जोडली तर काटा एक तर या टोकाला नाहीतर त्या टोकाला, मध्ये कोठेच थांबत नाही. घड्याळ बसविताना हा दिवा काढूनही टाकू नये. पितळी टी बसवून एका बाजूस स्विच आणि दुसऱ्या बाजूस सेंडर लावावा. आकड्याकडे चालकाचे लक्ष नसते तेव्हा लाल दिवाच त्याला जागे करतो.

एकाच सेंडरवर जुने आणि नवे अशी दोन घड्याळे चालविण्याचा मोहही टाळावा. दोन्ही घड्याळांचा प्रवाह त्याच सेंडरमधून जातो आणि दोन्ही चुकीची दाखवितात.

जोडणी करताना

सुरुवात बॅटरीपासून करावी. काम सुरू करताना ऋण टोकाची पट्टी प्रथम काढावी आणि काम संपल्यावर ती सर्वांत शेवटी बसवावी. धन टोकाचा नट फिरविताना पान्याचा स्पर्श पत्र्याला झाला तर ऋण टोक सुटे असल्यामुळे ठिणगी पडत नाही.

घड्याळांचा पुरवठा किल्लीच्या त्या टोकावरून घ्यावा, जेथे किल्ली फिरविल्यावरच वीज येते. तेथून निघताच ५ अँपिअरचा फ्यूज घालावा. फ्यूज हा घड्याळाजवळ नव्हे, तर वीज जेथून घेतली त्या जागेजवळ हवा. मधली वायर कोठे घासून उघडी पडली तर तिचे रक्षण त्याशिवाय होत नाही. घड्याळांना प्रवाह फार थोडा लागतो. १ चौरस मिलिमीटरची, गाड्यांसाठी मिळणारी अनेक तारांची वायर पुरेशी आहे. घरातील वायरिंगची एकतारी वायर ट्रॅक्टरवर वापरू नये. ती धक्क्यांनी आतल्या आत तुटते आणि वरून धड दिसते.

प्रत्येक घड्याळाचे अर्थिंगचे टोक एकमेकांस जोडून तेथून स्वतंत्र वायर इंजिनच्या घासून चकचकीत केलेल्या बोल्टवर न्यावी. पाटीच्या पत्र्यावरील रंगीत स्क्रूवर भरवसा ठेवू नये. पाटी पुष्कळदा रबरी बुशांवर बसविलेली असते आणि रबरातून वीज जात नाही.

वायरीची टोके पिळून वर चिकटपट्टी गुंडाळण्याची पद्धत सर्रास आढळते. इंजिनच्या उष्णतेने व डिझेलच्या ओशटपणाने ती पट्टी एका हंगामात सुटते. थिंबल दाबून बसवावे व त्यावर आवरण चढवावे. पत्र्याच्या भोकातून वायर नेताना रबरी ग्रोमेट अवश्य घालावे आणि सायलेन्सर व त्याच्या नळीपासून वायर हातभर दूर ठेवावी. मळणीच्या दिवसांत इंजिनभोवती भुसा साचतो. तेथे उघड्या वायरीची एक ठिणगी काय करू शकते हे आपणास सांगावयास नको.

सेंडरच्या आट्यांवर टेफ्लॉनची पट्टी भरपूर गुंडाळण्याची सवय नळकामातून आलेली आहे. एका वायरीच्या सेंडरचे अर्थिंग त्या आट्यांमधूनच होत असते. पट्टीचे थर वाढले की ते अर्थिंग कमजोर होते आणि काटा चुकतो. गळती थांबविण्यास पट्टी लागलीच तर एखादाच वेढा द्यावा व टोकाचे दोन आटे उघडे ठेवावेत.

डिझेलची टाकी प्लॅस्टिकची असेल तर तिच्यातील सेंडरला अर्थिंग मिळण्याचा मार्गच नसतो. त्याच्या पट्टीवरून इंजिनच्या अंगापर्यंत वेगळी वायर न्यावी लागते. टाकी बदलल्यानंतर डिझेल मीटर बंद पडले असेल तर प्रथम हेच पाहावे.

दोष शोधण्याचा क्रम

पीक पिवळे पडले म्हणजे नत्राची कमतरता असे आपण लगेच ठरवीत नाही. जुनी पाने पिवळी की कोवळी, शिरा हिरव्या आहेत का, पाणी साचले होते का, हे पाहतो. काट्याचेही तसेच आहे. दोष घड्याळात, सेंडरमध्ये, वायरीत, पुरवठ्यात की अर्थिंगमध्ये हे ठरविल्याशिवाय नवे घड्याळ आणू नये. दुकानदार अर्थातच नवे घड्याळ देण्यास तयार असतो.

त्यासाठी दोनच साधने पुरेत. एक, साधा डिजिटल मल्टिमीटर. दुसरे, १२ व्होल्टच्या लहान बल्बला दोन वायरी जोडून केलेला तपासणी दिवा.

समजा, पाण्याचे तापमान दाखविणारा काटा थंडवरच आहे. किल्ली चालू करावी, इंजिन सुरू करू नये. इंजिनवरील सेंडरची वायर काढून तिचे टोक क्षणभर इंजिनच्या अंगाला लावावे. घड्याळाचा काटा एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे गेला तर घड्याळ, पुरवठा व वायर ही तिन्ही ठीक आहेत. मग संशय सेंडरवर किंवा त्याच्या अर्थिंगवर घ्यावा. काटा हलला नाही तर हीच कृती घड्याळाच्या मागे करावी. सेंडरचे टोक एका छोट्या वायरीने क्षणभर अर्थ करावे. येथे काटा हलला तर मधली वायर तुटलेली आहे. येथेही हलला नाही तर पुरवठ्याच्या टोकाला तपासणी दिवा लावून पाहावा. दिवा पेटला नाही तर फ्यूज किंवा किल्ली पाहावी. दिवा पेटला आणि घड्याळाचे अर्थिंगही पक्के असेल, तरच घड्याळ खराब समजावे.

वायर अंगाला क्षणभरच लावावी, धरून ठेवू नये. काही जुन्या घड्याळांत काटा तापणाऱ्या पट्टीने हलतो. ती जास्त तापली तर कायमची वाकते. अशा घड्याळांचा काटा संथपणे सरकतो, म्हणून दोन-तीन सेकंद वाट पाहणे मात्र आवश्यक आहे. उलट काही नव्या घड्याळांचा काटा किल्ली बंद केल्यावरही असेल तेथेच राहतो. तो दोष नव्हे.

आता उलटी तक्रार घेऊ. इंजिन थंड आहे, पण किल्ली फिरविताच काटा गरमच्या टोकाला जातो. येथे सेंडरची वायर कोठेतरी घासून अंगाला लागली असण्याची शक्यता मोठी. सेंडरकडील टोक काढून पाहावे. काटा खाली आला तर सेंडर आतून जोडला गेला आहे. नाही आला तर घड्याळाकडील टोकही काढावे. आता खाली आला तर वायरच अंगाला लागली आहे, आणि तरीही वरच राहिला तर घड्याळात बिघाड आहे. ऑईल व डिझेलच्या घड्याळांत काटा कोणत्या बाजूस जाईल हे बनावटीवर अवलंबून असते. तेथे बाजू न पाहता तो टोकापासून टोकापर्यंत जातो की नाही एवढेच पाहावे.

दिवे लावले किंवा हॉर्न वाजविला की काटा उडी मारतो, ही तक्रार वारंवार येते. कारण बहुधा अर्थिंगच. घड्याळातील छोट्या दिव्याचा परतीचा प्रवाह आणि काट्याचा प्रवाह एकाच टोकाने बाहेर जातात. ते टोक कमजोर असले की दिव्याचा प्रवाह दुसरी वाट शोधतो आणि सेंडरच्या वायरीतून जाऊ लागतो. मल्टिमीटर व्होल्टवर ठेवून त्याची काळी वायर बॅटरीच्या ऋण टोकाच्या शिशाला आणि लाल वायर घड्याळाच्या अर्थिंगच्या टोकाला लावावी. किल्ली व दिवे चालू असताना आकडा ०.२ व्होल्टच्या आत हवा. अधिक आला तर परतीच्या वाटेत अडथळा आहे. लाल वायर एकेक जोड पुढे सरकवीत नेली की कोणत्या जोडावर आकडा पडतो ते कळते आणि तो जोड नेमका सापडतो. धन बाजूसही अशीच तपासणी करता येते. बॅटरीचे धन टोक आणि घड्याळाचे पुरवठ्याचे टोक यांतील फरक अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त असू नये.

पुरवठ्याच्या वाटेत आढळणारा एक नेहमीचा पाहुणा म्हणजे गाण्याचा डेक. ऊस वाहतुकीच्या ट्रॅक्टरांवर तो असतोच, आणि त्याची वायर सोयीची म्हणून घड्याळांच्या वायरीला जोडलेली असते. गाणे मोठे झाले की व्होल्टेज पडते आणि काटे नाचू लागतात. डेकसाठी वेगळा फ्यूज व वेगळी वायर घ्यावी. गाण्यांच्या निवडीबद्दल येथे काही लिहीत नाही.

दोन घड्याळे एकाच वेळी सारख्याच प्रमाणात जास्त दाखवू लागली तर दोष त्यांना सामाईक असलेल्या जागी असणार. तापणाऱ्या पट्टीच्या जुन्या घड्याळांना व्होल्टेज सारखे राखणारी एक छोटी डबी असते. तिचे अर्थिंग सुटले की ती पूर्ण व्होल्टेज पुढे जाऊ देते आणि सगळेच काटे वर चढतात. असे असताना एकेक सेंडर बदलीत बसणे म्हणजे निव्वळ पैसे घालविणे होय.

सेंडर खरा की खोटा?

सेंडर काढून मल्टिमीटर ओहमवर ठेवावा. एक वायर सेंडरच्या टोकाला आणि दुसरी त्याच्या पितळी अंगाला लावावी. सेंडर दोऱ्याने पातेल्यातील पाण्यात सोडून पाणी तापवावे. पाणी तापेल तसा रोध सतत कमी होत गेला पाहिजे. मध्येच उडी मारली किंवा आकडा स्थिर राहिला तर सेंडर बाद समजावा. घड्याळासह तपासावयाचे असेल तर सेंडरच्या अंगावरून इंजिनपर्यंत एक तात्पुरती अर्थिंगची वायर ओढावी व पाणी उकळू लागल्यावर काटा वाचावा. समुद्रसपाटीस पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळते. पठारावर ६०० मीटरच्या आसपास उंचीवर ते सुमारे ९८ अंशांना उकळते. घड्याळ तेथे ९५ ते १०० दाखवीत असेल तर शेतीच्या कामाला ते पुरेसे आहे. ८० दाखवीत असेल तर तो संच परत करावा.

एवढे करूनही एक धोका उरतो. रेडिएटरमधील पाणी गळून कमी झाले आणि सेंडर पाण्याबाहेर उघडा पडला तर तो वाफेचे किंवा हवेचे तापमान सांगतो. इंजिन तापत असताना काटा उलट खाली येऊ शकतो. जोराचे काम चालू आहे आणि काटा विनाकारण खाली आला, तर समाधान न मानता इंजिन बंद करून थंड होऊ द्यावे व मगच पाणी पाहावे. गरम रेडिएटरचे झाकण उघडू नये. हवेने थंड होणाऱ्या इंजिनांना पाण्याचे घड्याळ लागूच पडत नाही हे ओघाने आलेच.

ऑईलच्या काट्यासाठी क्रम उलटा ठेवावा. पाण्याचा काटा अडला तर आपण सवडीने वायर तपासू शकतो. ऑईलचा काटा शून्यावर आला तर प्रथम इंजिन बंद करावे, नंतर ऑईलची पट्टी पाहावी आणि त्यानंतरच वायरीवर संशय घ्यावा. "घड्याळच खराब असेल" म्हणून तास पुरा करावयास गेलेल्या इंजिनाच्या बेअरिंगा काही मिनिटांत जातात. ऑईल पुरेसे असूनही शून्य दिसत असेल तर सेंडर काढून तेथे मेकॅनिककडील नळीचे दाबमापक लावून घ्यावे. त्याला वायर नसते, त्यामुळे त्याची साक्ष खरी मानता येते. आपल्या इंजिनाचा योग्य दाब किती ते कंपनीच्या पुस्तिकेत दिलेले असते. तो पाटीवर रंगाने लिहून ठेवावा.

अँपिअर मीटरची गोष्ट वेगळी

बाकीच्या घड्याळांत थोडा प्रवाह जातो, परंतु अँपिअर मीटरमधून सेल्फ सोडून बहुतेक साऱ्या ट्रॅक्टरचा प्रवाह जातो. ठिबक संचाच्या मुख्य पाइपवर पाणी मोजणारे मीटर पाइप कापून मध्ये बसवितात आणि दाबमापक बाजूला छिद्र पाडून बसवितात. अँपिअर मीटर हे पाणी मोजणाऱ्या मीटरसारखे मध्ये बसते, तर व्होल्ट मीटर दाबमापकासारखे बाजूला. या दोहोंची अदलाबदल झाली की अनर्थ होतो. अँपिअर मीटर बॅटरीच्या दोन टोकांना लावले तर ते त्याच क्षणी जळते. व्होल्ट मीटर मध्ये बसविले तर ट्रॅक्टरची सारी वीज अडून राहते.

अँपिअर मीटरच्या दोन्ही वायरी जाड हव्यात. ३५ अँपिअरच्या आसपासच्या आल्टरनेटरसाठी किमान ६ चौरस मिलिमीटरची वायर घ्यावी आणि नट पक्के आवळावेत. ढिल्या नटाखाली उष्णता निर्माण होते व वायरीचे आवरण वितळते. पाटीमागून जळका वास येत असेल तर पहिले बोट येथेच ठेवावे, मात्र किल्ली बंद करून व बॅटरीची ऋण पट्टी काढून. सेल्फची जाड वायर या मीटरमधून कधीही नेऊ नये.

मीटर उलटे लागले आहे का हे पाहण्याची रीत सोपी आहे. इंजिन बंद ठेवून पुढचे दोन्ही दिवे लावावेत. काटा उणे बाजूस गेला पाहिजे. प्रत्येकी ५५ वॅटचे दोन दिवे सुमारे ९ अँपिअर घेतात, तेवढा तो दाखवील. अधिक बाजूस गेला तर मीटरच्या मागील दोन वायरींची अदलाबदल करावी.

जुना डायनॅमो काढून मोठा आल्टरनेटर बसविला असेल तर माझ्या मते अँपिअर मीटरला रजा देऊन व्होल्ट मीटरच बसवावे. त्याला बारीक वायर पुरते आणि आगीचा धोका कमी राहतो. मात्र मीटर काढल्यावर त्याच्या दोन जाड वायरी एकमेकींना नट-बोल्टने घट्ट जोडून वर आवरण चढवावे, नाहीतर बॅटरी चार्ज होणार नाही. भरलेली बॅटरी इंजिन बंद असताना १२.६ व्होल्टच्या आसपास दाखविते. इंजिन चालू असताना आकडा १३.८ ते १४.४ च्या दरम्यान असावा. १५ च्या वर जात असेल तर रेग्युलेटर बिघडला आहे, बॅटरीचे पाणी आटू लागेल. इंजिन चालू करूनही १२.५ च्या खालीच राहत असेल तर पट्टा, आल्टरनेटर व त्यामागील वायर पाहावी.

किल्ली आणि डिझेल इंजिन

जुन्या पद्धतीच्या डिझेल ट्रॅक्टरांत किल्लीचा इंजिनाशी संबंध फक्त सेल्फपुरता असतो. इंजिन बंद होते ते दांडी ओढल्याने. यातून दोन घोटाळे उद्भवतात आणि दोन्हींचा दोष विनाकारण घड्याळांना दिला जातो. बॅटरी उतरलेली असताना चालक ट्रॅक्टर उतारावरून किंवा ढकलून सुरू करतो आणि किल्ली फिरविण्याचे विसरतो. इंजिन दिवसभर चालते, घड्याळे मात्र मेलेली राहतात आणि अवर मीटर एक तासही पुढे जात नाही. मग तासांवर ठरविलेली ऑईल-बदली मागे पडते. दुसरा घोटाळा याच्या उलट आहे. दांडी ओढून इंजिन बंद केले, किल्ली तशीच राहिली. रात्रभर घड्याळे व दिवे वीज खातात, सकाळी सेल्फ लागत नाही आणि अवर मीटर मात्र दहा तास पुढे गेलेले असते. अवर मीटरचा पुरवठा ऑईलचा दाब आल्यावर जोडणी करणाऱ्या स्विचमधून घेतल्यास ते इंजिनाबरोबरच चालते व थांबते. हा स्विच दिव्याच्या स्विचच्या उलट प्रकारचा असतो, हे दुकानात स्पष्ट सांगावे.

इंजिनचे फेरे दाखविणाऱ्या मीटरबाबत थोडक्यात सांगावयाचे तर, विजेवर चालणाऱ्या प्रकाराला बहुधा आल्टरनेटरच्या खास टोकावरून वायर न्यावी लागते. आल्टरनेटरची पुली बदलली की त्याचा आकडा पुन्हा जुळवून घ्यावा लागतो.

फवारणी, खत आणि वेल्डिंग

द्राक्षबागेत फवारणीसाठी जुंपलेल्या ट्रॅक्टरवर बोर्डो मिश्रण व इतर औषधांचे तुषार वर्षभर उडत असतात. थिंबलांवर हिरवा-पांढरा थर धरतो आणि जोड वरून घट्ट असूनही आतून वीज नेत नाही. खताच्या गोण्या वाहणाऱ्या आणि कोकणात खाऱ्या वाऱ्यात उभ्या राहणाऱ्या ट्रॅक्टरांचेही तेच होते. हंगाम संपल्यावर जोड सोडवून बारीक सँडपेपरने घासावेत, पुन्हा आवळावेत आणि वर पेट्रोलियम जेली लावावी. बॅटरीच्या टोकांवरील पांढरा थर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवावा. ते पाणी बॅटरीच्या आत जाणार नाही याची काळजी घ्यावी.

ट्रॅक्टरला हूक किंवा पट्टी वेल्डिंगने जोडावयाची असेल तर आधी बॅटरीची जोडणी काढावी आणि वेल्डिंगचा अर्थ चिमटा वेल्डिंगच्या जागेच्या अगदी जवळ लावावा. तसे न केल्यास तो प्रचंड प्रवाह वाट मिळेल तेथून, म्हणजे आल्टरनेटर व घड्याळांच्या वायरीतूनही जातो.

कोणते घड्याळ घ्यावे?

जुन्या ट्रॅक्टरसाठी माझी शिफारस साधी आहे. तापमान व ऑईल या दोन्हींसाठी वायरीऐवजी बारीक नळीवर चालणारी यांत्रिक घड्याळे घ्यावीत. त्यांना किल्ली, फ्यूज, अर्थिंग काहीच लागत नाही. किल्ली बंद असली तरी ती काम करतात. तापमानाची नळी कापू नये किंवा काटकोनात वाकवू नये. जास्त लांबी असेल तर मोठे वेढे देऊन बांधून ठेवावी. ऑईलच्या नळीत प्रत्यक्ष ऑईल असते, म्हणून ती तांब्याची किंवा चांगल्या प्रतीची असावी व सायलेन्सरपासून दूर न्यावी. डिझेल व व्होल्टसाठी विजेची घड्याळे ठीक आहेत.

नव्या ट्रॅक्टरांबाबत मात्र वेगळा विचार हवा. १ जानेवारी २०२३ पासून ५० अश्वशक्तीपेक्षा मोठ्या ट्रॅक्टरांना धुराचे कडक निकष लागू झाले. अशा ट्रॅक्टरांत डिझेलचा पुरवठा संगणकीय नियंत्रकाद्वारे ठरतो आणि त्याचे सेन्सर बहुधा ५ व्होल्टवर चालतात. त्यांच्या वायरीला बाजारी घड्याळ जोडणे, त्यांवर बल्बचा तपासणी दिवा लावणे किंवा वर सांगितल्याप्रमाणे वायर अंगाला लावून पाहणे, यांपैकी काहीही करू नये. नियंत्रकाला चुकीची खबर जाते, इंजिनाची ताकद कमी केली जाते आणि महागडा भाग जळण्याची भीती असते. हमीचा काळ चालू असेल तर त्यावरही पाणी सोडावे लागेल. या ट्रॅक्टरवर जादा घड्याळ हवेच असेल तर ते यांत्रिक घ्यावे, त्यासाठीची जागा विक्रेत्याच्या यंत्रशाळेतून दाखवून घ्यावी, आणि जोडणीचे काम पेरणीच्या तोंडावर न काढता उन्हाळी नांगरट आटोपल्यावर काढावे.